टोकवालीचा अंगठा

कारखान्यात तिला सगळे टोकवाली म्हणत. सरळ सिगार कोणीही चार महिन्यांत वळायला शिकतं, पण निमुळता सिगार म्हणजे वेगळीच भानगड. तो बुडाशी जाड आणि तोंडाकडे गाजरासारखा बारीक होत जातो. आतली पानं मानेपाशी नेमकी विरळ करायची, वरचं पान तिरकं ओढत न्यायचं आणि शेवटी नखाएवढी टोपी डिंकाने चिकटवून टोक बंद करायचं. पानं जास्त राहिली तर मान कोंदते, कमी पडली तर टोक पिचकतं. किती पुरे, हे डोळ्याला दिसत नाही. ते अंगठ्याला कळावं लागतं. सव्वीस वर्षं तिच्या उजव्या अंगठ्याला ते कळत आलं होतं.

आणि गेल्या थंडीपासून ते कळेनासं झालं होतं.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते स्वयंपाक करताना. उकळत्या पातेल्यावरचं झाकण तिने उचललं, खाली ठेवलं, आणि मग पाहिलं तर अंगठ्यावर टरटरून फोड. भाजल्याचं तिला समजलंच नव्हतं. त्या दिवशी ओट्याशी ती बराच वेळ उभी राहिली. फोडाकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. मग फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणाला? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी परगावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरात सासूबाई, त्या कानाने अधू. आणि भिंतीपलीकडे धाकटी जाऊ.

धाकटीशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. चूल वेगळी झाली तेव्हा कोणत्या तरी कपाटावरून वाजलं होतं. कपाट पुढे वाळवीने खाल्लं, पण अबोला काही वाळवीला लागला नाही. गंमत म्हणजे कारखान्यात दोघी एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसत, कारण निमुळत्या सिगारची जोडी त्या दोघींचीच होती. धाकटी आतल्या पानांचा भराव बांधून अंग वळायची, थोरली मान आणि टोक करायची. काम अडलं की "पान", "डिंक", "सरक" एवढंच. घरचे निरोप सासूबाईंमार्फत जायचे, आणि सासूबाईंना अर्धं ऐकू यायचं नाही, त्यामुळे "नळाला पाणी आलंय" याचं पलीकडे "नणंद राहायला आलीय" व्हायचं.

अंगठा गेल्यावर टोकवालीने नाना युक्त्या केल्या. तर्जनीच्या कडेने दाबून पाहिलं, ओठाला लावून पाहिलं, डोळ्यांशी नेऊन रुंदी जोखली. वरून सिगार पूर्वीइतकाच देखणा दिसायचा. मुकादम येता-जाता एखादा उचलून म्हणायचा, "वा! याला म्हणतात हात." तेव्हा ती मान खाली घालून पुढचं पान उचलायची.

मग एका सोमवारी सकाळी मुकादमाने तीन खोकी आणून धाडकन बाकावर आपटली.

"परत आली," तो म्हणाला. "सगळी निमुळत्याची. निम्म्या सिगारमधून धूरच येत नाही म्हणे, आणि काही तोंडात धरले की उलगडतात. गुरुवारी व्यापारी स्वतः येतोय. त्याच्यासमोर खुलासा झाला नाही तर मालक निमुळता माल बंदच करणार. मग हा बाक उचलायचा आणि तुम्ही दोघींनी घरी बसायचं."

धाकटीने मान वर केली नाही. त्रेपन्नाव्या वर्षी टोकवालीला दुसरं काय येत होतं? तिने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टोकं केली, पण खाई त्याला खवखवे. प्रत्येक टोक हातावेगळं करताना तिला वाटायचं, हाही कोंदलाय. हाही.

तरी माणूस बुडायला लागला की काडी शोधतोच. उलगडतात, या एका शब्दाने तिला काडी दिली. अंगठा गेला म्हणून मान कोंदेल, पण टोपी उलगडायचं कारण काय? टोपी ती डोळ्यांनी बघून लावत होती. मग लोक कापताना काही चुकत असतील का? सिगार ओढण्याआधी बंद टोक कापावं लागतं एवढं तिला ठाऊक होतं. पण कसं, किती, कशाने, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिने अर्धी रजा काढली आणि मोठ्या रस्त्यावरच्या सिगारच्या दुकानात गेली. काचेच्या दाराशी दोनदा आली आणि दोनदा पुढे निघून गेली. तिसऱ्यांदा दार ढकललं. आत गोडसर दमट वास होता, तिच्या बाकाचाच, पण इथे त्याला पॉलिश केलेलं लाकूड आणि पितळेचे दिवे होते. गल्ल्यामागे एक म्हातारा दुकानदार चष्मा पुसत होता.

"काय हवंय, बाई?"

"मला निमुळता सिगार कसा कापतात ते बघायचंय."

"कोणासाठी घेताय?"

"घेत नाहीये. मी ते बनवते."

म्हाताऱ्याने चष्मा चढवला आणि तिला वरून खाली न्याहाळलं. "सिगार बनवता आणि कापता येत नाही?"

"आम्ही बंद करायला शिकतो, साहेब. उघडायला कोणी शिकवलं नाही."

म्हातारा हसला. तिला हसू आलं नाही. तिने एका दमात सगळं सांगितलं, म्हणजे खोकी परत आल्याचं, गुरुवारचं, बाक उचलायचं. अंगठ्याचं तेवढं गिळलं.

दुकानदाराने खणातून एक चकचकीत नळी काढली. बोटाच्या पेराएवढी, एका तोंडाला गोल पातं. "हे बघा. हे टोकात खुपसून फिरवायचं, की गोल भोक पडतं. सरळ सिगारला उत्तम. त्याचं डोकं रुंद असतं ना. पण निमुळत्याचं टोक या पात्याहूनही बारीक. त्यात हे खुपसलं की टोपी फाटते. टोपी फाटली की पान उलगडतं. आणि कोणी हलक्या हाताने नुसतं टोचलं, तर सुईएवढं भोक. त्यातून धूर काय, हवा येत नाही."

"मग लोक हेच का वापरतात?"

"कारण हे फुकट मिळतं. तुमच्याच कारखान्याने दोन महिन्यांपासून प्रत्येक खोक्यात एकेक घातलंय."



मग त्याने दोन पात्यांची कातर काढली, दोन्ही बाजूंनी एकदम मिटणारी. तिच्याच कारखान्याचं बारा सिगारचं खोकं उघडून त्यातला एक निमुळता सिगार तिच्या हातात दिला. "धरा. घाबरू नका, तुमचाच आहे. निमुळत्याची खुबी हीच, की भोक केवढं ठेवायचं ते आपल्या हातात. टोकाकडून तांदळाएवढं कापायचं. पातं हळूहळू नाही दाबायचं, एका झटक्यात. मग न पेटवता ओढून बघायचं. हवा घट्ट येत असेल तर आणखी तांदळाएवढं. ज्यांना आवडतं ते तिरकंही कापतात, त्याने भोक जरा मोठं पडतं. पण टोपी जिथे संपते त्याच्या खाली कधी जायचं नाही. गेलात की सगळं सुटलं. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, बाई. जास्त कापलेलं जोडता येत नाही."

तिने कापलं. खट्. टोक गल्ल्यावर पडलं. सव्वीस वर्षं जे टोक ती जीव लावून बंद करत होती ते असं उडालं, आणि तिला बरं वाटलं. म्हाताऱ्याने न पेटवता ओढून पाहिलं आणि मान डोलावली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे उत्तम. दोष कापण्याचा होता! तिच्या अंगात इतकं बळ आलं की आत्ताच्या आत्ता धावत मुकादमाकडे जावंसं वाटलं.

पाचवा त्याने कापला. ओढून पाहिला. कपाळाला आठी पडली. आणखी थोडं कापलं. पुन्हा ओढलं. टोपीच्या कडेपर्यंत आला तरी हवा नाही. मग त्याने सुरीने तो सिगार उभा चिरला. मानेत पानांची गाठ बसली होती, ओल्या दोरीसारखी.

"हा मात्र कापणाऱ्याचा दोष नाही," तो शांतपणे म्हणाला.

बाराच्या बारा पाहून झाले तेव्हा चार तसे निघाले. टोकवालीने गल्ल्याची कड धरली होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. अंगठा ती नकळत मुठीत दडवून उभी होती. कातर कागदात गुंडाळून त्याने तिच्या हातात दिली. "काम झालं की आणून द्या."

घरी परतताना तिला रस्ता दिसत नव्हता. बारात आठ म्हणजे अब्रू वाचली. बारात चार म्हणजे ती मेली.

बुधवारी सकाळी तिने मुकादमाला नळीचं सांगितलं. त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "बाई, त्या नळ्या मालकांनी हौसेने मागवल्यात. 'मालक, तुम्ही चुकलात' असं सांगायला मी जाऊ? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची असेल तर उद्या तुम्हीच बांधा, व्यापाऱ्यासमोर."

बांधली असती तिने. पण कापून दाखवताना नेमका कोंदलेला हातात आला तर? दिवसभर तेच तिच्या डोक्यात घण घालत होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे अंगणात गेले, तेव्हा ती मागच्या कोठारात शिरली. परत आलेली तीन खोकी तिथे होती. तिने पहिल्याचं झाकण काढलं आणि जमिनीवर बसकण मारली. कोंदलेले वेचून बाहेर काढायचे, म्हणजे उद्या फक्त चांगले उरतील. लबाडी होती. तिला ठाऊक होतं. पण त्या घडीला ती लबाडीला मिठी मारायला तयार होती.

तिने एक सिगार उचलला, मानेवर अंगठा दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. तिसरा, चौथा, दहावा. अंगठ्याखाली कापूस आहे की दगड, तिला कळेना. जो अंगठा गेला म्हणून ही वेळ आली, तोच अंगठा आता दोष शोधायला लागणार होता! तिने डाव्या हाताने पाहिलं, पण डाव्याला कधी काही शिकवलंच नव्हतं. तिने अंगठा दातांखाली धरून कचकन चावला. नुसता दाब लागला. मग खोक्यावर डोकं टेकून ती आवाज न करता रडायला लागली.

दार करकरलं. धाकटी आत आली. उभी राहिली. मग दार ओढून घेऊन समोर मांडी घालून बसली आणि खोकं आपल्याकडे ओढलं. एकेक सिगार उचलून मानेवरून बोट फिरवायला लागली.

"हा बरा," ती म्हणाली. "हा बरा. हा काढ. हा बरा. हा काढ."

सहा वर्षांत एवढे शब्द ती सलग बोलली नव्हती.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" टोकवालीने विचारलं.

"तुम्ही हाताला फडकं गुंडाळून आलात त्या दिवसापासून. भाजलेल्या हाताने माणूस चटके बसल्यासारखं काम करतं, ताई. तुम्ही दिवसभर त्याच अंगठ्याने दाबत होतात." तिने आणखी एक बाजूला टाकला. "तुम्ही पाणी प्यायला उठलात की मी तुमची टोकं दाबून बघते. वाईट असेल तर सोडून पुन्हा करते. पण दिवसाला किती करणार? माझं वळणंही असतंच ना."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणामार्फत? सासूबाईंमार्फत?" धाकटी म्हणाली. "त्यांनी गल्लीभर काय केलं असतं देव जाणे."

टोकवाली रडता रडता हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. धाकटी थांबली नाही. दुसरं खोकं निम्मं झालं तेव्हा भोंगा वाजला. काढलेले सिगार दोघींनी डब्याच्या पिशव्यांत कोंबले. तिसरं खोकं तसंच राहिलं.

गुरुवारी व्यापारी आला. जाडजूड, घाईतला माणूस. मालक, मुकादम आणि तो बाकाशी उभे राहिले. टोकवालीने कागदातून कातर काढली. उसनं अवसान आणून ती म्हणाली, "साहेब, खोक्यातली ती नळी निमुळत्यासाठी नाही. तिने टोपी फाटते. तुम्ही म्हणाल तो सिगार मी कापून दाखवते. हा सूर्य आणि हा जयद्रथ."

मालकांचा चेहरा उतरला. व्यापाऱ्याने भुवई उडवली आणि नेमका तिसऱ्या खोक्यात हात घातला.

पहिला उत्तम निघाला. दुसराही. व्यापाऱ्याने धूर सोडला आणि मालकांना म्हणाला, "अहो, बाई बरोबर बोलतायत. तुमच्या नळ्यांनीच घोळ केलाय." तिसरा त्याने स्वतः कापला. ओढला. पुन्हा कापला, पुन्हा ओढला. मग सुरी मागितली.

गाठ सगळ्यांनी पाहिली.

"हे कोणाचं काम?" मालकांनी विचारलं.

खोक्यातल्या चिठ्ठीवर जोडीचा नंबर होता, नाव नव्हतं. मुकादमाने धाकटीकडे पाहिलं, कारण टोकवालीच्या हातून असं होईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. टोकवालीला मुलगी दिसली, तिचं शेवटचं वर्ष दिसलं. एक क्षण तिने गप्प राहायचं ठरवलं. खरंच ठरवलं.

"माझं," धाकटी म्हणाली. "भराव मीच जास्त घातला असेल."

"तिचं नाही!" टोकवाली इतक्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. "टोकं माझी आहेत. माझा अंगठा मेलाय."

"म्हणजे काय?" मुकादम म्हणाला. "काही तरी काय बोलता, बाई?"

बाकावर चिठ्ठ्या टोचायच्या टाचण्या होत्या. तिने एक उचलली आणि सगळ्यांदेखत उजव्या अंगठ्यात खुपसली, अर्ध्यापर्यंत. तिची पापणी लवली नाही. रक्ताचा थेंब वर आला, फुगला, ओघळला. ती मुकादमाकडे बघत राहिली. व्यापाऱ्याने तोंड फिरवलं. धाकटीने झडप घालून तिचा हात धरला आणि टाचणी उपसली.

"एवढंच सांगायचं होतं," टोकवाली म्हणाली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. निमुळता माल बंद झाला नाही. नळ्या घालणं बंद झालं, त्याऐवजी खोक्यात एक छापील कागद जाऊ लागला. निमुळता सिगार कसा कापावा. कारकुनाने तो तिलाच समोर बसवून लिहून घेतला. तांदळाएवढं, एका झटक्यात, टोपीच्या खाली नाही. तिने एकेक वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि "हळू" च्या जागी "झटकन" घालायला लावलं. खाली कोणाचं नाव घालायचं हा प्रश्न कोणाला पडला नाही.

धाकटीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, तपासण्या केल्या. मनगटातली नस कित्येक वर्षं दाबली जात होती. "सहा महिन्यांपूर्वी का नाही आलात?" ते म्हणाले. शस्त्रक्रिया करता येईल, पण संवेदना परत येईलच असं नाही. ती टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती. सहा महिने तिने अंगठा जगापासून लपवला होता, आणि तेच सहा महिने तिला हवे होते.

मालकांनी तिला काढून टाकलं नाही, हा त्यांचा मोठेपणा असं मुकादम सगळ्यांना सांगत फिरला. तळघरात पानांच्या शिरा काढायचं काम दिलं. तिथे दिवसा दिवा लागतो. ओली पानं पसरायची, मधली शीर बोटाला गुंडाळून ओढायची. नवख्या पोरी ते करतात. पहिले काही दिवस ती मुलीला फोन करताना "बाक बदललाय" एवढंच म्हणाली. एकदा शिरा ओढता ओढता तिने हातातलं पान टराटरा फाडलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेजारची बाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत मांडीवर चिंध्या झाल्या होत्या. त्या तिने स्वतःच गोळा केल्या.

चुली अजून वेगळ्याच आहेत. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका टाचणीने सुटते? पण कामावर दोघी बरोबर जातात. वाटेत धाकटी बोलते, थोरली ऐकते.

वरच्या बाकावर तिच्या जागी दुसरी बाई आली, धाकटी तिला टोक शिकवते. टोकवाली पानांची टोपली द्यायला दिवसातून दोनदा वर येते आणि त्या बाकाकडे न बघता जिन्याकडे वळते. परवा धाकटीने हाक मारली, "ताई, जरा बघा ना हे. हिला काही केल्या जमत नाहीये."

ती थांबली. टोपली कमरेवर घेऊनच वाकली. सिगार हातात घेतला नाही. नव्या बाईच्या बोटांकडे बराच वेळ बघितलं, पान कुठे ताणतेय, कुठे अडखळतेय.

"मानेतलं एक पान काढ," ती म्हणाली. "आणि अंगठा एवढा जोरात दाबू नकोस गं. दुखतो तोवरच कामाचा असतो."

मग ती खाली गेली. अजून दोन टोपल्या पानं शिल्लक होती.